लाल दोऱ्याची गाळणी

तातडीच्या विभागात तिला सगळे साबणताई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. पेशंटला हात लावण्याआधी एकदा, लावल्यावर दोनदा, आणि मध्येच दाराची कडी धरली तर कडीच्या नावाने वेगळं एकदा, असे तिचे हात दिवसभर नळाखाली असायचे. बोटांची टोकं कायम सुरकुतलेली. "ताई, हात असेच झिजत राहिले तर उद्या सलाईन काय पायाने लावणार?" असं कामाच्या मावशी विचारायच्या आणि ती हसायची. परिचारिका म्हणून वीस वर्षं झाली होती तिला. किळस येते, हे तिने कधी लपवलं नाही. किळस येण्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं. किळस आली तरी हात मागे घ्यायचा नाही, एवढाच तिचा नेम होता. रोज कामावर चढण्याआधी कपाटाच्या आड मिनिटभर डोळे मिटून ती देवाकडे तेवढंच मागायची.

त्या विभागात मुतखड्याचे पेशंट फार यायचे. मुतखड्याचं दुखणं माणसाला माणसात ठेवत नाही. चांगली भारदस्त माणसं जमिनीवर लोळतात, भिंतीला डोकं घासतात, ओकून ओकून हिरवं पाणी बाहेर काढतात. आणि खडा पडायचा असला की तो लघवीवाटे पडतो, म्हणून लघवी गाळून बघावी लागते. खडा हाती लागला तर तपासणीला पाठवता येतो आणि पेशंट सुटला हेही कळतं. त्यासाठी कागदी गाळण्या मिळायला हव्यात. त्या भांडारातून येणार येणार म्हणून वर्ष गेलं. शेवटी साबणताईने बाजारातून स्टीलची साधी चहाची गाळणी आणली, तिच्या दांड्याला लाल दोरा करकचून बांधला आणि ती धुण्याच्या खोलीत खिळ्याला टांगली. "लाल दोरा म्हणजे लघवीची," तिने मावशींना तीन वेळा सांगितलं. "चहाच्या खोलीत ही दिसता कामा नये."

"मी काय आंधळी आहे का?" मावशी म्हणाल्या होत्या. "आणि चहाच्या गाळणीचं काय? तिच्या जाळीला भोक पडलंय. महिनाभर सांगतेय, चहात चोथा येतो."

"आणते," ती म्हणाली होती, आणि विसरली होती.

त्या दिवशी सकाळी आठला निवृत्त शाळामास्तरांना घरी सोडायचं होतं. काटक, बारीक मिश्यांचे, नेमकं बोलणारे. दोन दिवस तळमळून त्यांचं दुखणं पहाटे आपोआप थांबलं होतं. न्हाणीघरातून ते गाळणी हातात धरून बाहेर आले, एखाद्या मुलाने वही तपासायला आणावी तसे.

"सिस्टर, पडला. टण्‌ असा आवाज झाला."

तिने गाळणी उजेडात धरली. जाळीवर काही नव्हतं. कडेला, जिथे जाळी दुमडून चौकटीत दाबलेली असते, तिथे पिवळट ओल होती. तिथे बोट फिरवायला हवं होतं. हातमोजा घातलेला होता, तरी तिने फिरवलं नाही. नुसतं बघितलं.

"काही नाही दिसत, मास्तर. भास झाला असेल."

"चाळीस वर्षं वर्गात खडू पडल्याचा आवाज ऐकलाय मी. मला भास होत नाहीत," मास्तर म्हणाले. पण वाद घातला नाही. कागदावर ‘खडा सापडला नाही’ असं लिहून घेऊन, भरपूर पाणी पिण्याची ताकीद ऐकून ते घरी गेले.

गाळणी धुवायला घेतली तेव्हा तिला दिसलं की लाल दोरा आता लाल राहिलाच नाही. इतक्या महिन्यांचं काय काय त्यात मुरलं होतं. ओला, मऊ, पिवळसर तपकिरी झालेला तो दोरा बोटाला लागला. तिने कात्री घेऊन तो कापला, चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकला. साबणाच्या पाण्यातून गाळणी एकदा काढली. आता ब्रशने घासायची आणि कपाटातला नवा दोरा बांधायचा, एवढ्यात बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. गाळणी ओट्यावर उपडी ठेवून ती धावली.

दारात एक धिप्पाड माणूस वाकून दोन्ही हातांनी कंबर धरून उभा होता. त्याच्या मागे त्याच्या निम्म्या उंचीची एक बाई त्याला रेटत होती.

"चल, छोट्या, चल. दोन पावलं. आल्या बघ सिस्टर."

छोट्याने सिस्टरकडे बघितलं आणि तिच्या बुटांवर ओकला.

तो जहाजावरचा आचारी होता. मालवाहू जहाज, चाळीस माणसं, संध्याकाळी पाचला बंदर सोडणार. पुढे बावीस दिवस नुसतं पाणी. ही सगळी माहिती त्याच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, न विचारता दिली. त्याच्या अंगाला कांद्याचा, करपलेल्या तेलाचा आणि डिझेलचा वास होता, आणि त्यावर ओकारीचा. साबणताईने बूट पुसले, हात धुतले, त्याला पलंगावर चढवलं. शिरेतून दुखणं थांबवणारं औषध दिलं. अर्ध्या तासाने तो लोखंडी कठडा चावत होता.

"किती दुखतंय? शून्य ते दहा," तिने विचारलं.

"बारा," आचारी म्हणाला.

मग ब्लॉकवाले डॉक्टर आले. ते भूलतज्ज्ञ होते. मुतखड्याच्या पेशंटना पाठीत इंजेक्शन देऊन, म्हणजे ब्लॉक करून, दुखणं थांबवायची पद्धत त्यांनीच या विभागात आणली होती. कण्याच्या बाजूला, स्नायूच्या जाड थराखाली, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई बघत बघत बधिर करणारं औषध सोडायचं. दुखण्याची वर्दी वर नेणाऱ्या नसा मग काही तास गप्प बसतात. खडा असतो तिथेच असतो, फक्त त्याची ओरड ऐकू येत नाही. पद्धत चांगली होती, डॉक्टरांचा हातही चांगला होता, हे साबणताई मनापासून मान्य करायची. तिला नकोसं व्हायचं ते बाकीचं सगळं. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर निळ्या शाईत किती ब्लॉक झाले तो आकडा असायचा. मेजावर काचेची बरणी, तिच्यात पेशंटचे जमवलेले खडे. कोणी पाहुणा डॉक्टर आला की ते ती बरणी खुळखुळवून दाखवत. लिमलेटच्या गोळ्या दाखवाव्यात तशी. तपासणीहून परत आलेले ते खडे, कोणाच्या पोटातून कसे निघालेले, आणि त्या बरणीला लावलेलेच हात पुढे करून ते बिस्किट घेत.

फळ्यावर त्या दिवशी नव्याण्णव होते.

"अरे वा," डॉक्टर आचाऱ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीच आमचे शंभरावे."

"डॉक्टर, बक्षीस नंतर द्या," अक्का म्हणाली, "आधी याचं कण्हणं बंद करा. पोरगा लहानपणी दात काढतानाही रडला नव्हता."

साबणताईने त्याला कुशीवर वळवलं. घामाने निथळणारी, केसाळ, मोठी पाठ. तिने तपकिरी औषधाने ती पुसली. औषधाचे ओघळ घामात मिसळून चादरीवर उतरले. डॉक्टरांनी यंत्राचं टोक पाठीवर टेकवलं, पडद्यावर करड्या रेघा उमटल्या, आणि सुई त्या रेघांतून तिरकी आत गेली. पंधरा मिनिटांनी आचाऱ्याचा जबडा सुटला. वीस मिनिटांनी त्याने डोळे उघडून छताकडे बघितलं, जणू ते आत्ताच बांधलं होतं.

"सिस्टर, विचारा त्यांना. शून्य ना?" डॉक्टर म्हणाले.

ही विचारायची तऱ्हा तिला आवडायची नाही. उत्तर हातात ठेवून विचारायचं. पण आचाऱ्याने खरंच शून्य म्हटलं. अक्काने डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. फळ्यावर शंभर लागले. ताप बघितला तर थोडासा होता, नोंद घ्यावी एवढा. तिने नोंद घेतली.

अकराला चहा आला. शंभराव्याच्या आनंदात डॉक्टरांनी विभागातल्या सगळ्यांना दोनदा पाजला. साबणताईने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिनेही दोन कप घेतले.

"आज चोथा आहे का बघा," मावशी कप गोळा करताना म्हणाल्या. "आणलीत एकदाची. उपकार झाले."

ती आचाऱ्याच्या कागदावर तापाचा आकडा लिहीत होती. "हं," ती म्हणाली.

तीनच्या सुमारास आचाऱ्याला लघवीला जायचं झालं.

"गाळणी," डॉक्टर ओरडले. "मावशी, गाळणी कुठंय? लवकर."

मावशी धुण्याच्या खोलीत गेल्या, रिकाम्या हाताने बाहेर आल्या, मग धावत दुसरीकडे गेल्या आणि गाळणी घेऊन आल्या. आचारी न्हाणीघरात गेला. लघवी थोडीशीच झाली, आणि गढूळ. पण बाहेर आला तेव्हा गाळणीत मधोमध धण्याएवढा एक खडा होता.

अक्का रडायलाच लागली. डॉक्टरांनी फोन काढून खड्याचा फोटो घेतला, मग गाळणी हातात दिलेल्या आचाऱ्याचा घेतला, मग अंगठा वर केलेल्या आचाऱ्याचा. "दुखणं शून्य, खडा बाहेर," ते म्हणाले. "तुम्ही तुमचं जहाज गाठा. सिस्टर, सुटीचा कागद तयार करा. खडा जपून ठेवा, याची जागा बरणीत सगळ्यात वर."

ती गाळणी घेऊन मेजापाशी आली. चिमट्याने खडा उचलून पांढऱ्या जाळीच्या कापडावर ठेवला. खडबडीत, पिवळा, एका बाजूला खाच. त्या खाचेत काहीतरी तपकिरी अडकलं होतं. रक्ताची गुठळी असेल म्हणून तिने कापसाच्या काडीने हलवून बघितलं. ते रक्त नव्हतं. बारीकशी काडी होती. चहाची.

तिने गाळणीकडे पाहिलं. चहाच्या खोलीतली गाळणी काळी पडलेली, भोकाची. ही लखलखीत होती. रोज ब्रशने घासलेली. आणि दांड्यावर, जिथे इतके महिने दोरा करकचून बांधलेला होता, तिथे फिकट गुलाबी कडं उमटलेलं होतं. धुऊनही न जाणारं.

आधी तिला काही वाटलंच नाही. मग जिभेवर चहाची चव आली. गोड, दुधाळ, कोमट. घशातून ती खाली उतरल्याची आठवण आली, एकदा नाही, दोनदा. ती नळापाशी गेली, दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून उभी राहिली. ओकारी झाली असती तर बरं झालं असतं. झाली नाही. पोटाने ते केव्हाच आपलंसं केलं होतं.

तिने मावशींना धुण्याच्या खोलीत बोलावलं.

"मावशी, ही गाळणी तुम्ही कुठून उचललीत?"

"चहाच्या खोलीतून. तुमचीच ना नवी? सकाळी धुण्याच्या ओट्यावर उपडी होती, ती तिकडे नेली. चकचकीत. दोरा नाही, काही नाही. म्हटलं, आणली ताईंनी शेवटी. जुनी टाकली कचऱ्यात." मावशींनी तिच्या तोंडाकडे बघितलं. "का हो?"

"लाल दोरा मी सकाळी कापला होता."

मावशींनी तोंडावर हात दाबला आणि बोटांच्या फटीतून म्हणाल्या, "मी नाही गाळला त्यातून चहा."

"मावशी."

"नाहीच. जुन्याने गाळला. जुनी मी नंतर टाकली. विचारा कोणालाही."

"आज चोथा नव्हता म्हणालात."

"मी काय काय म्हणते, त्याचं काय घेऊन बसता," मावशी म्हणाल्या, आणि फडकं उचलून निघून गेल्या.

साबणताई कापडावरचा खडा घेऊन डॉक्टरांपुढे उभी राहिली. हळू बोलायची तिची सवय होती. त्या दिवशी तर आवाज तिला स्वतःलाही ऐकू येईना.

"सर, हा खडा या पेशंटचा नाही. सकाळच्या मास्तरांचा आहे. कडेला अडकून राहिला होता. मी नीट बघितलं नाही. त्यांनी सांगितलं होतं, तरी बघितलं नाही. मग दोरा मी कापला. मावशींना वाटलं नवी गाळणी आहे. त्यातून अकराचा चहा गाळला. म्हणून याला चहाची काडी चिकटली आहे. हा पेशंट त्यानंतर गेला, आणि त्याच्या लघवीने तो कडेतून सुटला."

डॉक्टर ऐकत होते. त्यांची नजर मेजाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे त्यांचा कप राहून गेला होता, तळाशी तपकिरी कडं असलेला. त्यांनी नजर वळवली.

"रक्ताचा कण आहे तो," ते म्हणाले.

"काडी आहे, सर. हात लावून बघा."

"मी कशाला हात लावू?" त्यांनी खुर्ची मागे घेतली. "सिस्टर, तुमचं हे स्वच्छतेचं वेड सगळ्यांना ठाऊक आहे. लघवीला गेला, खडा पडला, दुखणं गेलं. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"दुखणं तुमच्या इंजेक्शनने गेलंय. खडा आत असेल तर ते परत येईल. त्याला ताप आहे. लघवी गढूळ आहे. तुंबून आत पू झाला असेल तर बावीस दिवस..."

"ताप कितीसा?"

"दुपारी वाढलाय. तुमच्या यंत्राचं टोक नुसतं कुशीवर ठेवून बघा, मूत्रपिंड फुगलंय का तेवढं कळेल."

"ते माझं काम नाही. सोनोग्राफीवाले चारला येतात."

"पाचला जहाज आहे."

"म्हणूनच म्हणतो, कागद तयार करा." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि हे चहाचं कुठे बोलू नका. कोणी काही प्यायलेलं नाही. कळलं?"

तेव्हा तिला सगळं कळलं. खडा आचाऱ्याचा असेल तर सगळ्यांची पोटं स्वच्छ होती. खडा मास्तरांचा असेल तर नव्हती. आपल्या पोटात काय गेलं हे मान्य करण्यापेक्षा माणूस जहाजावर पाठवणं सगळ्यांना सोपं जात होतं. गाळणीची तिला किळस आली होती, ती काहीच नव्हती. ही आता आली ती निराळी होती, आणि ही धुवायला नळ नव्हता. त्यातही सगळ्यात जास्त तिला स्वतःचीच आली, कारण मनातून तिलाही तो खडा आचाऱ्याचाच हवा होता.

ती आचाऱ्याकडे गेली.

अक्का पिशवी भरत होती. आचारी पलंगावर बसून शर्टाची बटणं लावत होता. बोटं थोडी थरथरत होती.

"थंडी वाजतेय का?" तिने विचारलं.

"इथला पंखा फार आहे."

पंखा बंद होता.

"ताई, आम्ही निघतो," तो म्हणाला. "जहाज चुकलं तर पुढच्या फेरीला दुसरा आचारी घेतील. तुमच्या डॉक्टरांना सांगा, भेटलो की मासळी खिलवीन."

"जहाजावर डॉक्टर असतात?"

"डॉक्टर कुठले? औषधांची पेटी आहे, ती माझ्याच ताब्यात असते. मिठाच्या डब्याशेजारी."

तिने हातातलं कापड त्याच्यापुढे धरलं. "हा तुमच्या गाळणीत सापडला. तुम्ही आचारी आहात. त्या खाचेत काय आहे, ते मला सांगा."

"कशाला ते घाणेरडं त्याच्या नाकाशी?" अक्का म्हणाली. "सुटला ना त्यातून."

पण आचाऱ्याने कापड हातात घेतलं, खिडकीकडे वळवलं. चाळीस माणसांच्या जेवणातला खडा रोज निवडणारा माणूस होता तो. त्याला विचार करावा लागला नाही.

"चहाची काडी," तो म्हणाला. "दुधात उकळलेली. तेलकट चकाकी आहे बघा." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "मी तर कालपासून चहा घेतला नाही. पाणी प्यायलो तरी ओकत होतो."

तिने मान डोलावली.

"कुठली गाळणी दिलीत मला?"

तिने सांगितलं. सगळं, क्रमाने, काही न गाळता. दोरा आपण कापला तेही. चहा आपण प्यायलो तेही, दोन कप. सांगताना तिने मान खाली घातली नाही. तेवढं मात्र तिला जड गेलं.

अक्का पिशवीवर हात ठेवून थिजली होती. "म्हणजे त्या डॉक्टरांनी पण..."

"सगळ्यांनी."

"शी," अक्का म्हणाली, आणि पदर नसतानाही पदर शोधावा तसा हात तोंडाकडे गेला.

आचाऱ्याने परत खड्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला ओळखीचं होतं. ती ते रोज आरशात बघायची.

"माझ्या स्वयंपाकघरात," तो सावकाश म्हणाला, "फरशी पुसायचं फडकं कोणी भांड्याच्या फडक्यात मिसळलं, तर मी त्याला पहिल्या बंदरावर उतरवतो. एकाला उतरवलंय. रडत होता तो." त्याने कापड तिला परत दिलं. "तुमचं काय करायचं, ते तुम्ही बघा. पण हा खडा माझा नाही. मग माझा कुठंय?"

"आत."

"दुखत का नाही?"

"इंजेक्शनचा जोर आहे तोवर नाही दुखणार. संध्याकाळी उतरेल."

"समुद्रावर," तो म्हणाला.

त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं, मग दुसरं. अक्काला म्हणाला, "फोन दे. जहाजावर सांगतो."

"अरे छोट्या, ती नोकरी..."

"अक्का, फोन दे."

तो उठून डॉक्टरांच्या मेजापर्यंत चालत गेला, मोठ्या अंगाचा, उघड्या छातीचा, कण्हत नाही पण थरथरत. त्याने डॉक्टरांना एवढंच विचारलं, "आज चहा कसा झाला होता?"

डॉक्टरांचा चेहरा बदलला. आधी कानांच्या मागे, मग ओठांभोवती पांढरा पडला. ते उठले, घाईने न्हाणीघरात गेले, दार लावलं. आतून जो आवाज आला तो सगळ्यांनी ऐकला आणि कोणी कोणाकडे बघितलं नाही. मावशी फरशी पुसत होत्या. त्या पुसतच राहिल्या, त्याच एका फरशीवर.

डॉक्टर बाहेर आले. तोंड धुतलेलं, शर्ट पुढून ओला. त्यांनी यंत्र ओढत आणलं, आचाऱ्याला कुशीवर वळवलं आणि टोक बरगडीखाली ठेवलं. पडद्यावर मूत्रपिंड दिसलं. मधोमध काळं, तुंबलेलं, गळ्यापर्यंत भरलेल्या फुग्यासारखं. ताप आता कोणी न मोजताही हाताला कळत होता.

"तातडीने बोलवा," ते तिला म्हणाले. मूत्रविकाराच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर वीस मिनिटांत आले.

पाचला, जहाज बंदर सोडत असेल त्या वेळी, आचाऱ्याच्या मूत्रपिंडात नळी गेली. नळीतून जे आलं ते लघवी नव्हती. घट्ट, मळकट हिरवा पू होता, आणि त्याचा वास मास्कमधून आत शिरला. साबणताई पिशवी धरून उभी होती. अर्ध्या तासात पिशवी भरली. तिने दुसरी लावली. शस्त्रक्रियेचे डॉक्टर सहज बोलावं तसं म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत थांबला असता तर रक्तात पसरलं असतं." बाजूला उभ्या असलेल्या ब्लॉकवाल्या डॉक्टरांनी मान हलवली. नंतर तिने बघितलं, फळ्यावरचा शंभर पुसलेला होता. नव्याण्णव लिहिलेले नव्हते. नुसता निळा डाग होता.

बरणी मेजावरच होती. तिला कोणी हात लावत नव्हतं.

मावशी तिला कपाटाजवळ भेटल्या. "ताई," त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलले."

"माहीत आहे."

"तुम्हाला माझं नाव सांगावं लागेल."

"माझंही सांगायचंय."

"दोरा नव्हता हो," मावशी म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि त्याच वेळी पोटातून काहीतरी वरही येत होतं. "कसा कळणार मला?"

"तेच लिहीन."

तिने गाळणी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली, पिशवीचं तोंड बांधलं. हात धुतले. परत धुतले. मग खड्याची डबी घेऊन तपासणीच्या कागदावर नाव लिहायला बसली. मास्तरांचं. विभागाच्या नोंदवहीत ‘खडा सापडला नाही’ असं तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ते खोडून बाजूला सही केली. आणि फोन फिरवला.

"मास्तर, तातडीच्या विभागातून बोलतेय. सकाळची सिस्टर."

"बोला, सिस्टर."

"तुमचा खडा पडला होता. वाजला होता. मीच नीट पाहिलं नाही."

"मी म्हटलंच होतं," मास्तर म्हणाले. समाधानाने, पण नम्रपणे, जसं गणित बरोबर आलेल्या माणसाने म्हणावं. "सापडला ना? मग झालं. कुठे होता इतका वेळ?"

मग तिने त्यांनाही सांगितलं, आवाज न चढवता, कडेला कुठे अडकला, दोरा कसा कापला, गाळणी चहाच्या खोलीत कशी गेली.

मग मास्तरांनी विचारलं,

"चहा कोणी कोणी घेतला?"

"सगळ्यांनी."

"तुम्हीसुद्धा?"

"दोन कप."

पलीकडून कपबशी हलकेच खाली ठेवल्याचा आवाज आला.